कनेक्सिन ४३ : वाहिनी बंद केली तर झटके थांबतात की वाढतात?

शिरपूरकर_फार्म
रामराम मंडळी. एम. फार्म.च्या प्रकल्पाला अपस्मारातलं कनेक्सिन ४३ (ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या पडद्यात वाहिनी बनवणारं प्रथिन) हा विषय घेतलाय, पण वाचलेलं जुळत नाही. हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मृतीच्या भागाच्या) जिवंत, पातळ कापावर १०० मायक्रोमोलर कार्बेनॉक्सोलोन (अशा वाहिन्या अडवणारं औषध) सोडलं की झटक्यासारख्या लहरी शमतात. उलट टेम्पोरल लोबच्या अपस्मारात शस्त्रक्रियेने काढलेल्या, कडक झालेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये ॲस्ट्रोसाइटची आपसातली जोडणीच तुटलेली सापडते. मग वाहिनी बंद करायची की जपायची? आणि मेंदूतली सूज (दाह, इन्फ्लमेशन) यात कुठे बसते?

पांझराकाठ
कार्बेनॉक्सोलोनवर भिस्त ठेवू नका. ते कनेक्सिनबरोबर पॅनेक्सिन-१ (तशीच वाहिनी बनवणारं दुसरं प्रथिन) अडवतं, शिवाय कॅल्शियम वाहिन्या आणि एनएमडीए (ग्लुटामेटचा एक रिसेप्टर) प्रवाहही दाबतं. लहर नेमकी कशाने शमली हे त्यावरून ठरत नाही.

मूळ गुंता वेगळा आहे. सहा कनेक्सिनची एक अर्धवाहिनी होते. ती शेजारच्या पेशीच्या अर्धवाहिनीला भिडली तर गॅप जंक्शन, नाही भिडली तर थेट बाहेरच्या द्रवात उघडते. गॅप जंक्शनचं काम पोटॅशियम वाटून टाकायचं. झटक्यात ते बाहेर ३ मिलिमोलरवरून १०–१२ पर्यंत चढतं. ॲस्ट्रोसाइट ते आत ओढून जाळ्यातून लांब नेतात, पांझरेचं पाणी पाटाने फडाफडांत जातं तसं. वाट तुटली की ते जागीच साचतं आणि न्यूरॉन पुन्हा पेटतात. अर्धवाहिनीतून मात्र एटीपी आणि ग्लुटामेट (न्यूरॉनला चेतवणारं रसायन) गळतात.

सूज इथेच येते. मायक्रोग्लियातून (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींतून) सुटलेले इंटरल्यूकिन-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा हे सुजेचे संदेश-रेणू ॲस्ट्रोसाइटची गॅप जंक्शन मिटवतात आणि त्याच पेशींच्या अर्धवाहिन्या उघडतात! गळालेलं एटीपी मायक्रोग्लियाच्या पी२एक्स७ या रिसेप्टरला लागतं, एनएलआरपी३ (सूज पेटवणारं प्रथिन) जागं होतं, परत इंटरल्यूकिन-१ बीटा. तेव्हा प्रकल्पाचा प्रश्न असा मांडा: अर्धवाहिनी मिटवून जाळं शाबूत ठेवता येतं का? त्यासाठी गॅप१९ हे पेप्टाइड बघा.

तापी_लॅब
वरचं बरोबर. पण मग दोन्ही मोजमापं वेगळी करावी लागतील. जोडणीसाठी पिपेटने एकाच ॲस्ट्रोसाइटमध्ये बायोसायटिन (गॅप जंक्शनमधून पसरणारा खूण-रेणू) भरा आणि किती पेशींत पसरलं ते मोजा. अर्धवाहिनीसाठी ५ मायक्रोमोलर इथिडियम ब्रोमाइड (उघड्या अर्धवाहिनीतून आत शिरणारा रंग), १० मिनिटं, मग धुऊन फिक्स करा (हातमोजे घालूनच). कापाच्या पृष्ठभागावरच्या मेलेल्या पेशीही रंग घेतात, त्या मोजू नका. पॅनेक्सिनमधूनही रंग शिरतो, म्हणून एक गट १ मिलिमोलर प्रोबेनेसिडचा (ते पॅनेक्सिन अडवतं) ठेवाच.

सगळ्यात जास्त घोळ कॅल्शियमचा. काप ठेवायच्या द्रावणात कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण) नीट सोडण्याआधी कॅल्शियम क्लोराइड टाकलं तर द्रावण गढूळ होतं, मोकळं कॅल्शियम घटतं आणि अर्धवाहिन्या आपोआप उघडतात. सगळ्याच गटांत रंग दिसतो आणि औषधाचा फरक हरवतो. शेवटी टाका, द्रावण काचेसारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. कापताना द्रावण बर्फगार, नोंद घेताना ३२–३४ अंश. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० च्या वर जाते, तेव्हा नुसत्या हीटरने भागणार नाही, थंड करायचीही सोय लागेल. आणि प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या.

सातपुडा_वैद्यक
एक जोड. मेफ्लोक्विन प्रयोगात पॅनेक्सिन-१ आणि कनेक्सिन ३६ (न्यूरॉनमधलं कनेक्सिन) अडवतं, म्हणून शोधनिबंधांत दिसेल. पण मलेरियाची तीच गोळी अपस्माराच्या रुग्णाला प्रतिबंधासाठी देत नाहीत, तिने झटके येऊ शकतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे मलेरिया असतो, तेव्हा "कनेक्सिनचं औषध" म्हणून हे नाव कुणाच्या घरच्यांना सांगू नका.




शिरपूरकर_फार्म
आभारी आहे. कार्बेनॉक्सोलोन वगळतो. गॅप१९, प्रोबेनेसिड आणि औषधाविना असे तीन गट, आधी इंटरल्यूकिन-१ बीटा देऊन. चालेल?

तापी_लॅब
चौथा गट हवा: इंटरल्यूकिन न दिलेला. आणि गॅप१९ चे अमिनो आम्ल उलटसुलट लावलेलं पेप्टाइडही मागवा, नाहीतर परीक्षक तिथेच अडवतील.