देवपूजा नको, पण रोज स्वस्थ बसायचंय. सुरुवात कशी करावी?

आडवाट:
देवधर्म, सोवळं-ओवळं, बुवा-महाराज यांत मन रमत नाही. पण सगळंच सोडून दिलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, हेही खरं. कुणाचा गंडा न बांधता घरच्या घरी रोज काय करता येईल? विपश्यना या ध्यानपद्धतीचं नाव सारखं कानावर येतं, पण तो बौद्ध धर्मच झाला ना? शिवाय घरी गणपती बसतात, तेव्हा काय करायचं?

कातळ:
विपश्यनेच्या शिबिराचं नंतर बघा, आधी बैठक नीट करा. सतरंजीवर चादरीची किंवा ब्लँकेटची चार ते सहा इंच जाड घडी ठेवा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा. गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत. सपाट जमिनीवर मांडी घातली की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि दहा मिनिटांत पाठ बोलायला लागते. मग लोक म्हणतात, आपल्याला ध्यान जमत नाही! कमी पडलेली असते ती घडी. गुडघे दुखत असतील तर खुशाल खुर्चीवर बसा. पाठ न टेकता, तळपाय जमिनीवर.

डोळे मिटून नाकपुड्यांखालच्या, वरच्या ओठाच्या वरच्या जागेवर लक्ष ठेवा. श्वास आला, गेला, एवढंच. लांबवायचा नाही, रोखायचा नाही. हा प्राणायाम नव्हे. जाणवेनासा झाला तर दोन-चार श्वास जरा जोरात घ्या आणि पुन्हा नेहमीवर या. मन भटकलेलं लक्षात आलं की परत आणा. शंभर वेळा आणावं लागलं तरी बैठक वाया गेली असं समजू नका, सराव त्याचाच आहे.

पहिले दोन आठवडे दहा मिनिटं, मग वीस. पहिल्याच दिवशी तासाला हात घातला की आठवड्यात सुटतं. जेवणानंतर दोन तास तरी नको, पेंग येते. आणि वेळ ठरलेली हवी: तोंड धुतल्यावर, चहाच्या आधी. देवळाची घंटा नाही, एकादशी नाही, सोबतीला कुणी नाही. तेव्हा आठवण करून देणारं दुसरं काही नसतं. ‘वेळ मिळेल तसं’ म्हणणाऱ्यांचं महिनाभरात बंद पडतं.

पायवाट_नाशिक:
विपश्यनेबद्दल. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरं होतात. सत्यनारायण गोयंका ही साधना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये ती घेऊन भारतात आले. धर्म बदलावा लागत नाही. पण ‘विधी अजिबात नाहीत’ असं जे सांगतात ते अर्धवट आहे: सुरुवातीला पालीत त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं) आणि पंचशील (पाच नियम पाळण्याचं वचन) घ्यावं लागतं, रोज पाली पठण ऐकू येतं. ते खुपणार असेल तर आधीच विचार करा. उलट बाजूने, शिबिरात जप, माळ, उपवास, स्तोत्रं हे सगळंही बंद ठेवावं लागतं.

पहाटे ४ ला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, म्हणजे वर कातळ यांनी सांगितलं तेच. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघत राहायला शिकवतात, आणि मग दिवसातून तीनदा एकेक तास न हलता बसायचं. त्याला अधिष्ठान म्हणतात. मौन दहाव्या दिवशी सुटतं. दुसरा आणि सहावा दिवस जड जातो, बॅग भरायची इच्छा होते ती तेव्हाच. फी नाही, दान द्यायचं तर शिबिर पूर्ण केल्यावर.

रजा मात्र दहा दिवसांची टाकू नका. आदल्या दिवशी हजर व्हायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं, असे बारा दिवस धरा. मानसिक आजार असेल, गोळ्या चालू असतील तर अर्जात लपवू नका आणि मनाने गोळ्या बंद करू नका. इतके तास गप्प बसल्याने काहींचा त्रास वाढतो, म्हणूनच ते विचारतात.

आडवाट:
प्रकाश दिसतो, अंग हलकं होतं म्हणतात. तसं काही झालं नाही तर?

कातळ:
मग उत्तम. ज्याला एकदा प्रकाश दिसला तो दुसऱ्या दिवशी तो शोधायलाच बसतो आणि श्वास राहतो बाजूला. मुंग्या, खाज, उकडणं हेही तसंच, आलं, गेलं. फरक बघायचाच तर बैठकीबाहेर बघा: राग चढताना तो मध्येच लक्षात येतो का, की भांडण झाल्यावर?

माजघर:
गणपतीचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. आरतीला उभं राहून टाळ वाजवल्याने तुमचं काही बुडत नाही. घरच्यांसमोर देव आहे की नाही हा वाद काढलात तर दहा दिवस तोच चालेल. मखर, फुलं, पंगतीतलं वाढप अंगावर घ्या, कुणी श्रद्धेची चौकशी करणार नाही. फक्त पाहुणे यायच्या आत, सकाळी लवकर आपली वीस मिनिटं उरकून घ्या. त्या दिवसांत पहिली गच्छंती तिचीच होते.