खर्व म्हणजे दहा अब्ज की शंभर?

पाचपाखाडी: सोसायटीच्या गणपतीत मुलांसाठी गणिताचा तक्ता करतोय, त्यात १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या घेतलीय. १११११११११ चा वर्ग, कुठूनही वाचा सारखाच. खाली अक्षरी लिहायला घेतलं आणि अडलो. खर्व म्हणजे दहा अब्ज असं मी शाळेत शिकलो, लीलावतीतही तेच, शेजारचे काका मात्र शंभर अब्जच म्हणतात. काय लिहू?

वाशीचा अनुवादक: काका हिंदीतला खरब सांगतायत, शंभर अरबांचा एक खरब. आपल्याकडे अब्जापासून पुढे दहा-दहा पटीने खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. तुमचा पहिला १ मध्यच्या घरात पडतो. तेव्हा एक मध्य दोन अंत्य तीन जलधी चार शंकू पाच महापद्म सहा निखर्व सात खर्व आठ अब्ज अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. बिनधास्त लिहा.

नेरूळ सेक्टर ६: अहो पण हे वाचणार कोण? पेपरात सुद्धा 'लाख कोटी' छापतात. कोटीतच सांगा, १२३४५६७८९८ कोटी आणि वर ७६ लाख ५४ हजार ३२१, पोरांना लगेच कळतं.

वाशीचा अनुवादक: ताई, 'लाख कोटी' म्हणजे आपलं महापद्मच ना! शब्द असताना कोटीला कोटी जोडत बसायचं आणि मग म्हणायचं मराठीत मोठ्या संख्यांना शब्द नाहीत.

नेरूळ सेक्टर ६: शब्द आहे, पण भाजीवाल्यापासून सीएपर्यंत कोणी बोलत नाही. न बोललेला शब्द तक्त्यावर लिहून जिवंत होतो का?

घोडबंदर रोड: संस्कृतात खर्व म्हणजे ठेंगणा. एवढ्या मोठ्या संख्येला हे नाव का? मला वाटतं पुढच्या निखर्वाच्या मानाने ठेंगणा म्हणून.

वाशीचा अनुवादक: निखर्वातही खर्वच आहे की, मग तोही ठेंगणाच झाला.

डोंबिवली पूर्व: या संख्येला नाव आहे हे कोणीच कसं सांगत नाही! डेम्लो संख्या. गणिती द. रा. कापरेकरांनी ठेवलेलं, कल्पना सुचली ते जीआयपी रेल्वेवरचं डेम्लो स्टेशन म्हणजे आताची डोंबिवली. कापरेकर १९०५ ला डहाणूत जन्मले, शाळा ठाण्यात, पुढे देवळालीला शिक्षक. आणि ही हर्षद संख्याही आहे, हा शब्दही त्यांचाच, हर्ष देणारी. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने नि:शेष भाग जातो, भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. १२३४५६७९ मध्ये ८ नाहीये बघा, किती सुंदर आहे हे!

घोडबंदर रोड: डेम्लो? आमच्या आजीचं माहेर तिथलं, ती कायम डोंबोली म्हणायची. डेम्लो हा साहेबी उच्चार असणार.

डोंबिवली पूर्व: उच्चार कोणाचाही असो, त्यांनी नाव दिलं ते डेम्लो, तेच लिहायचं. उद्या डोंबोली संख्या म्हणाल.

घोडबंदर रोड: का नाही म्हणायचं? गावातले लोक म्हणायचे तेच खरं नाव.

पाचपाखाडी: डेम्लो आणि हर्षद दोन्ही तक्त्यावर घेतो. पण खर्वाचं काय? काकांचा फोन येतोय सारखा.

नेरूळ सेक्टर ६: अंकात लिहा आणि अक्षरी जागा मुलांना भरू द्या.

वाशीचा अनुवादक: अजिबात नाही. सात खर्व लिहा.