आधी समोरची भिंत, मग क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) बदलल्याशिवाय आक्रमण सुधारणारच नाही, हे मत मला पटत नाही. लॉस एंजेलिस रॅम्स हा संघ आठवा. २०१६ मध्ये १६ सामन्यांत २२४ गुण, म्हणजे लीगमध्ये सर्वांत कमी. नवखा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ सुरुवातीपासून खेळलेले सातही सामने हरला आणि त्यात २६ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. पुढच्याच वर्षी तोच गॉफ, आणि संघाचे ४७८ गुण, लीगमध्ये सर्वाधिक!

श्रेय सगळे नवा मुख्य प्रशिक्षक शॉन मॅकव्हेला देतात, ते रास्तच आहे. क्वार्टरबॅकशी बोलायचा हेडसेट प्ले-क्लॉकवर (पुढची चाल सुरू करायची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की बंद होतो, म्हणून तो संघाला लवकर लाइनवर उभा करायचा आणि समोरचा बचाव पाहून गॉफला सूचना द्यायचा. पण ३५ वर्षांच्या अँड्र्यू व्हिटवर्थला लेफ्ट टॅकल म्हणून आणलं, जोडीला सेंटर जॉन सलिव्हन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी समोरची भिंतच मजबूत केली, हे कुणी बोलतच नाही. २०१७ मध्ये गॉफ १५ सामन्यांत २५ वेळाच सॅक झाला. पोराला चेंडू फेकायला श्वासभर वेळ तरी द्या, मग त्याला नावं ठेवा.