मदत हवी आहे: पावसाळ्यात ॲल्युमिनियम पावडर अडतेय, जॉबमध्ये छिद्रं

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं छोटं युनिट आहे. मेटल थ्रीडी प्रिंटिंगचं एकच मशीन, लेझरचं, पावडर-बेडवालं, म्हणजे पावडरचा पातळ थर पसरून तो लेझरने वितळवणारं. बहुतेक काम एएलएसआय१०एमजीचं, म्हणजे साधारण १० टक्के सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचं. पावडर २० ते ६३ मायक्रॉन, थर ३० मायक्रॉनचा. दोन वर्षं हेच सेटिंग चालू आहे आणि मेपर्यंत एकही जॉब परत आला नव्हता.

जुलैत एका गिऱ्हाइकाला चार हायड्रॉलिक मॅनिफोल्ड, म्हणजे आतून दाबाखालच्या तेलाच्या वाटा असलेले ठोकळे, दिले. आटे पाडल्यावर प्रेशर टेस्टला दोन गळले. एक परत मागवला, कापला, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला. इडली कापल्यावर दिसते तशी जाळी! छिद्रं बारीक, गोल, कडेलाही आणि मध्येही. रात्री झोप लागली नाही.

मग हॉल फनेल, म्हणजे पावडर किती सहज वाहते ते तपासायचं नरसाळं, काढलं. ५० ग्रॅम पावडर, खाली २.५४ मिमीचं भोक. मे महिन्यात एक टिचकी मारली की सगळी उतरायची. आता टिचकीला चमचाभर पडते आणि पुन्हा अडते. मधोमध पोकळी होते, कडेची पावडर तशीच उभी राहते. मशीनवर थर पसरतानाही रेघा उठतात. सप्लायरच्या सर्टिफिकेटवर केमिस्ट्री आणि साइज दोन्ही बरोबर आहे.

आमची पद्धत अशी: डबे २२ अंशांच्या एसी खोलीत ठेवतो. वापरलेली पावडर मागच्या शेडमध्ये चाळतो आणि तिथेच नवा डबा उघडून तिच्यात मिसळतो. एकच पावडर किती वेळा पुन्हा वापरली याची नोंद ठेवलेली नाही, ही चूक मान्य.

ही पावडर सुकवून वाचेल का? सुमारे ४० किलो आहे, टाकून देणं परवडणारं नाही. आणि दोष पावडरचाच आहे, लेझरचा नाही, हे कमी खर्चात कसं सिद्ध करू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

छिद्रं गोल आहेत हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. लेझरची ताकद कमी पडली तर छिद्रं वेडीवाकडी येतात, आत न वितळलेले दाणेही सापडतात. ताकद जास्त झाली तरी गोलसर येतात, पण तुमचं सेटिंग बदललेलं नाही. म्हणून माझा संशय ओलाव्यावर. पाणी आणि गरम ॲल्युमिनियम एकत्र आले की ऑक्साइड बनतं आणि हायड्रोजन सुटतो. वितळलेल्या धातूत तो मावतो, गोठलेल्यात फारसा मावत नाही, आणि लेझरखालची धातू इतक्या झटकन गोठते की त्याला बाहेर पडायला वेळच नसतो.

आता तुमचा डबा. शेडमध्ये २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतलं पाणी दव होऊन बसतं तो, २५ च्या आसपास येतो. २२ अंशांचा डबा तिथे उघडलात की पावडरवर थेट दव धरतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, तसंच. डबा बंद ठेवूनच शेडमध्ये रात्रभर राहू द्या, मग उघडा. त्याहून चांगलं म्हणजे चाळणीच एसी खोलीत, कोरड्या हवेत आणा.

सुकवायची तर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये, ८०-९० अंशांवर, काही तास. साध्या ओव्हनमध्ये उघड्या ट्रेत अजिबात नको, ॲल्युमिनियमची बारीक पूड पेटते. ठिणगी उडू नये म्हणून चाळणीला अर्थिंग आहे ना? आणि डी क्लासचं, म्हणजे धातूच्या आगीसाठीचं, एक्स्टिंग्विशर? अशा आगीवर पाणी मारायचं नसतं, हे पोरांना आजच सांगा.

सुकवल्याने चिकटलेलं पाणी जातं, तयार झालेलं ऑक्साइड जात नाही. म्हणून सीलबंद डब्यातली, सुकवलेली आणि आत्ताची, अशा तिन्ही पावडरींचे छोटे ठोकळे त्याच सेटिंगवर छापा आणि कापून बघा. सॅम्पल वरवरचं घेऊ नका. वाहतुकीत बारीक-जाड दाणे वेगळे होतात, आधी डबा नीट फिरवून घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. सीलबंद डबा रात्रभर शेडमध्ये बंदच ठेवला, सकाळी उघडला. एका टिचकीत ५० ग्रॅम खाली! जुनी अजून अडलेलीच आहे. अर्थिंगची वायर एका चाळणीला सुटलेली निघाली, ती लगेच जोडली. डी क्लासचं एक्स्टिंग्विशर आहे.

व्हॅक्यूम ओव्हन मात्र आमच्याकडे नाही. भोसरी, चिंचवड किंवा चाकणमध्ये कुणी तासाच्या भाड्याने वापरू देईल का? सध्या ठोकळ्यांपुरती ५ किलो सुकवायची आहे.