मदत हवी आहे : ३ किलोवॉट सौर यंत्रणा असूनही बिल उतरत नाही, बॅटरी घ्यावी का?

फुलेवाडीकर : नमस्कार. आमच्या गच्चीवर गेल्या हिवाळ्यात ३ किलोवॉटची सौर यंत्रणा बसवली असून पंतप्रधान सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांचे अनुदानही खात्यात जमा झाले आहे. तरीही बिल म्हणावे तसे उतरलेले नाही आणि वीज गेली की भर उन्हात घरातले पंखे बंद पडतात. यंत्रणा बसवणारे म्हणतात की हायब्रीड इन्व्हर्टर (म्हणजे बॅटरीही जोडता येणारा इन्व्हर्टर) आणि ५ युनिट क्षमतेची लिथियम बॅटरी घेतली की दोन्ही तक्रारी मिटतील. दरपत्रक पावणेदोन लाखांचे आहे आणि आगाऊ रक्कम उद्याच मागितली आहे. घ्यावी की घेऊ नये, एवढेच कृपया आज सांगावे.

राजारामपुरीकर : साहेब, एवढ्यावरून कोणीही प्रामाणिक उत्तर देऊ शकणार नाही. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, बसला आहे का? एप्रिलच्या बिलावर आयात (ग्रिडकडून, म्हणजे वीजकंपनीच्या तारांमधून घेतलेले युनिट) किती आणि निर्यात (ग्रिडला दिलेले युनिट) किती? इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर त्या महिन्याची निर्मिती किती दिसते? वीज किती वेळा आणि किती वेळ जाते?

शाहूपुरीची ताई : बॅटरीपेक्षा सौर बंब बसवावा, असे मी सुचवीन. आमच्याकडे सकाळच्या आंघोळीसाठी गिझर लावावाच लागत नाही. मात्र बोअरचे पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात, तेवढी स्वच्छता वेळेवर करून घ्यावी.

शिरोली फौंड्री : बॅटरी अवश्य घ्या, कारण पुढचा काळ तिचाच आहे. वीज विनिमय केंद्रावर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, दुपारी सौर वीज भरपूर असते म्हणून भाव कोसळतो, आणि दिवस मावळल्यावर तोच भाव कित्येकदा युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दिवसाच्या वेळेनुसार दर लावण्याचे धोरण घरगुती ग्राहकांपर्यंत आणले ते याच कारणाने. आमच्या भट्ट्यांचे वेळापत्रक आम्ही केव्हापासून दराच्या वेळा पाहूनच ठरवतो. घरांनाही उद्या तेच करावे लागेल.

निवृत्त तारमार्ग : कारखान्याचा हिशेब घराला लावू नये. संध्याकाळ आणि दुपार यांच्या दरात युनिटमागे ३ रुपयांचा फरक धरला, तरी ५ युनिटांचे दिवसाला १५ रुपये, म्हणजे वर्षाला साडेपाच हजारांच्या आतच वाचतात. पावणेदोन लाख वसूल व्हायला तीस वर्षांहून अधिक काळ लागेल आणि तोवर बॅटरी टिकणार नाही. नेट मीटर असताना दुपारी दिलेले युनिट नंतरच्या वापरातून वजा होतातच. एवढेच लक्षात ठेवावे की ही शिल्लक आर्थिक वर्षापुरती असते. मार्चअखेर उरलेले युनिट पुढच्या वर्षात जात नाहीत.

फुलेवाडीकर : नेट मीटर आहे, हे मी गृहीतच धरले होते. वीज आठवड्यातून एखाद्या वेळी अर्धा-पाऊण तास जाते. अ‍ॅपवर एप्रिलची निर्मिती २४० युनिट आहे आणि बिलावर निर्यात फक्त ११० आहे. उरलेले १३० युनिट गेले कुठे? मीटर सदोष आहे का? आणि बॅटरीचे काय, याचे सरळ उत्तर अजून मिळालेले नाही.

राजारामपुरीकर : मीटर सदोष नाही. दिवसा घरातला फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर यांनी जी सौर वीज जागेवरच वापरली ती मीटरपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ती निर्यातीत दिसत नाही. मला खटकतो तो २४० चा आकडा. १ किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात. कोल्हापूरच्या एप्रिलमधल्या उन्हात ३ किलोवॉटने ३५० च्या आसपास जायला हवे. एखाद्या निरभ्र दिवसाचा आलेख अ‍ॅपवर उघडून पाहा. तो दुपारी घुमटासारखा गोल आहे, की मध्येच तुटलेला आहे?

पंचगंगाकाठ : २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आम्ही अंधारात दिवस काढले आहेत. बॅटरी ही चैन नाही, असे माझे ठाम मत आहे. पण लिथियमच्या नादी लागू नका, साधी ट्यूब्युलर बॅटरी पुष्कळ झाली.

निवृत्त तारमार्ग : महापूर येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा आभाळ दिवसचे दिवस फाटलेले असते, तेव्हा बॅटरी भरायला ऊनच नसते. ट्यूब्युलर बॅटरीला वेळोवेळी पाणी घालावे लागते आणि ती वारंवार पूर्ण उतरवली तर लवकर निकामी होते. रोज भरायची-उतरवायची असेल तर लिथियमच योग्य, हे माझ्या विरोधातले असले तरी मान्य करतो. वीज गेल्यावर सौर यंत्रणा बंद पडते तो मात्र बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या गच्चीवरून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरने थांबणे बंधनकारक आहे. बॅटरीचा खरा उपयोग तेवढ्या वेळेपुरता आहे, आणि अर्ध्या तासासाठी तुमच्या घरी एक छोटा साधा इन्व्हर्टरही पुरेल.

फुलेवाडीकर : आलेख पाहिला. साडेअकरापासून दोनपर्यंत तो पुनःपुन्हा शून्यावर येतो आणि अ‍ॅपवर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ अशी सूचना दिसते. बसवणाऱ्यांनी ती नेहमीचीच आहे, दुर्लक्ष करा, असे सांगितले होते. इन्व्हर्टर तिसऱ्या मजल्यावर आणि मीटर तळमजल्यावर आहे.

निवृत्त तारमार्ग : मग दुखणे सापडले. वीज घरातून बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला मीटरपेक्षा जास्त दाब (व्होल्टेज) निर्माण करावा लागतो, आणि तार जितकी बारीक व लांब तितका हा फरक वाढतो. दाब मर्यादेपलीकडे गेला की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. ३ किलोवॉटचा प्रवाह सुमारे १३ अँपिअर असतो. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची तार ४० मीटर लांब असेल तर जवळपास ८ व्होल्ट त्या तारेतच जातात. १० चौरस मिलिमीटरची घातली तर तेच २ व्होल्टवर येते. दुपारी जाणत्या वायरमनकडून एकाच वेळी दोन्ही टोकांचे व्होल्टेज मोजून घ्या.

फुलेवाडीकर : मोजून घेतले. बंद पडण्याच्या आधी इन्व्हर्टरपाशी २६३ आणि मीटरपाशी २५५ होते. तार २.५ चौरस मिलिमीटरचीच निघाली. आता ती बदलण्याचा खर्च कोणी करायचा, आणि बॅटरी?

निवृत्त तारमार्ग : इन्व्हर्टरची मर्यादा बहुधा २६४ वर, म्हणजे २४० च्या ११० टक्क्यांवर ठेवलेली असणार. तार बदलली की त्याला २५७ च्या आसपास दिसेल आणि दुपारची निर्मिती परत मिळेल. सूर्यघर योजनेत बसवणाऱ्याने पाच वर्षे देखभाल करायची असते. तेव्हा आलेखाची आणि मोजमापाची छायाचित्रे जोडून तार त्यांच्याच खर्चाने बदलून मागा. मीटरवरचे २५५ हेही जास्तच आहे, त्यासाठी उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप, म्हणजे दाब ठरवणारी जोडणी, बदलून दाब उतरवता येतो. आगाऊ रक्कम उद्या देऊ नका.

शिरोली फौंड्री : तार बदलावी, याबद्दल दुमत नाही. पण नवा इन्व्हर्टर घ्यायची वेळ येईल तेव्हा हायब्रीडच घ्यावा, बॅटरी नंतर जोडता येते.

राजारामपुरीकर : तार बदलल्यावर एका पूर्ण महिन्याचे आकडे येथे टाकावेत. जूनमध्ये पावसाळा सुरू होईल, त्याआधीचे निरभ्र दिवस तुलनेला बरे.