सेकंडहँड अ‍ॅक्सेस १२५ घेतली, इग्निशन कॉईलचा रिकॉल आधीच्या मालकाने करून घेतलाय का हे कसं कळणार?

कुडाळची_बाय

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात कोल्हापूरहून सुझुकी अ‍ॅक्सेस १२५ घेतली, सेकंडहँड. आधीचे मालक आमच्या ओळखीतलेच, रिटायर्ड काका, गाडी फारशी चाललेली नाही आणि आत्ता पण मस्त चालते, तक्रार काहीच नाही. पण परवा दीर आले होते ते म्हणाले वहिनी ही २०२२ ची दिसते, ही रिकॉलवाली तर नाही ना, कंपनीनेच गाड्या परत बोलावल्या होत्या, इंजिनच्या कॉईलची वायर बदलून देत होते. झालं, तेव्हापासून डोक्यात तेच. काकांना फोन केला तर ते म्हणतात मेसेज आला असेल तर जुन्या नंबरवर आला असेल, सर्व्हिसिंगचं सगळं मुलगा बघायचा आणि मुलगा आता बंगलोरला. पावत्या एकपण नाहीत.

आरसीवर मॅन्युफॅक्चरिंग १०/२०२२ लिहिलंय आणि रजिस्ट्रेशन जानेवारी २०२३ चं आहे. वॉरंटी संपलीच असणार. मी दुसरी मालक, नाव ट्रान्सफरला टाकलंय पण अजून झालं नाही. मला हे फुकट करून देतील का? त्यासाठी कोल्हापूरलाच जायला लागेल का? रोज कुडाळ ते सावंतवाडी हायवेने जाते, मागून डंपर येत असतात, पावसात गाडी मध्येच बंद पडली तर काय या विचारानेच पोटात गोळा येतो.

सांगलीचा_सनी

ताई जानेवारी २३ ची गाडी आहे ना मग टेन्शन नको. तो रिकॉल डिसेंबर २२ पर्यंतच्या गाड्यांचा होता, तुमची त्यात येत नाही. बिनधास्त चालवा.

चेसिस_नंबर_बघा

सनी भावा थांब जरा, असं सांगून मोकळा होऊ नकोस. रजिस्ट्रेशनची तारीख बघायचीच नसते, गाडी बनली कधी ते बघायचं. शोरूमला गाडी दोन दोन महिने उभी असते, त्यात दिवाळीचा माल राहिला की लोक मुद्दाम नवीन वर्षात पासिंग करतात म्हणजे रिसेलला एक वर्ष पुढचं दिसतं. ताईंची ऑक्टोबर २०२२ ला बनलीय, म्हणजे बरोब्बर मधोमध.

तो रिकॉल जुलै २०२४ मध्ये जाहीर झाला. ३० एप्रिल २०२२ ते ३ डिसेंबर २०२२ या काळात बनलेल्या गाड्या. अ‍ॅक्सेस २,६३,७८८, बर्गमन स्ट्रीट ७२,०४५ आणि अ‍ॅव्हेनिस ५२,५७८, सगळ्या मिळून ३ लाख ८८ हजारांच्या वर. कारण असं दिलं होतं की इग्निशन कॉईलची हाय टेन्शन कॉर्ड, म्हणजे तीच वायर, ड्रॉइंगप्रमाणे बनलेली नव्हती, इंजिन चालताना सारखी वाकून वाकून ती चिरते, तुटते, मग गाडी बंद पडते किंवा स्टार्टच होत नाही.

पण तारखेत बसली म्हणजे तुमची गाडी यादीत आहेच असंही धरून चालू नका. यादी असते चेसिस नंबरची. डिजिलॉकरला किंवा आरसीवर १७ अक्षरांचा नंबर असेल तो बघा, कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तो सांगा आणि दोनच गोष्टी विचारा: गाडी यादीत आहे का, आणि असेल तर काम झालेलं दिसतंय की पेंडिंग. काकांना, त्यांच्या मुलाला कशाला फोन करत बसता, त्यांना आठवायची गरजच नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरने काम केलं की चेसिस नंबरच्या पुढे नोंद पडते, मालक कोण याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून दुसरा मालक असो की तिसरा, फुकटच. वॉरंटीचा पण संबंध नाही, वॉरंटी वेगळी आणि रिकॉल वेगळा.

सांगलीचा_सनी

अच्छा, रजिस्ट्रेशनचं माहीत नव्हतं. सॉरी ताई.

एक सुचवू का, एवढ्या चौकशा करण्यापेक्षा लोकल गॅरेजला वायर टाकून घ्या ना, किती ते पैसे. अर्ध्या तासात मोकळं.

नाना_गॅरेजवाले

सनी, मी स्वतः गॅरेजवाला असून सांगतो, हे काम लोकलला करू नका. इचलकरंजीत माझं गॅरेज आहे, स्कूटर्सच जास्त येतात.

आधी ही वायर करते काय ते ऐका. बॅटरी बारा व्होल्टची. तेवढ्याने प्लगमध्ये ठिणगी पडत नाही, म्हणून कॉईल त्याचे हजारो व्होल्ट करते आणि ते प्लगपर्यंत नेते ती ही जाड काळी वायर. आता बाईकमध्ये इंजिन फ्रेमला घट्ट बसवलेलं असतं पण स्कूटरमध्ये तसं नाही, स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाबरोबर अख्खं खालीवर होतं, प्रत्येक खड्ड्याला. मग वायर, पायपा, केबल जे काही बॉडीकडून इंजिनकडे जातं ते सगळं दिवसभर वाकत असतं, आणि आपले रस्ते म्हणजे काय सांगायलाच नको. रबर चांगलं असेल तर काही होत नाही, वर्षानुवर्षे चालतं. कुठे कमी पडलं तर बारीक चीर जाते आणि ती नुसत्या डोळ्याला दिसत पण नाही.

कोरड्यात काही जाणवत नाही. पाऊस लागला की त्या चिरेतून करंट बाहेर पळतो, जवळ जिथे लोखंड मिळेल तिथे. प्लगला कमी पडतो, गाडी मिसिंग मारते, भुक भुक करून बंद. अर्ध्या तासाने वायर सुकली की परत चालू, मग गिऱ्हाईक म्हणतं नाना पेट्रोलमध्ये पाणी आहे, कार्बोरेटर साफ करा. अहो आताच्या बीएस सिक्स गाड्यांना कार्बोरेटर कुठला राहिलाय, पेट्रोल इंजेक्शनने जातं! आमचा जुना उपाय म्हणजे अंधारात गाडी चालू ठेवायची आणि वायरीवर स्प्रेने पाणी मारायचं, फुटकी असेल तर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. हे घरी करू नका, हात लावला तर झटका जोरात बसतो.

आणि मुख्य मुद्दा, आता गाड्या इंजेक्शनच्या. बाहेर पळालेला करंट नुसता वाया जात नाही, शेजारचे सेन्सर पण घेऊन जातो. त्या रिकॉलच्या कारणात तेच होतं, वायर भिजली तर स्पीड सेन्सर आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर खराब होऊ शकतो, म्हणजे मीटरवर स्पीड दिसणार नाही नाहीतर गाडी उठणारच नाही. सेन्सरची किंमत वायरीसारखी नसते. त्यात बऱ्याच स्कूटर्सना वायर कॉईलमध्येच ओतलेली येते, एकटी बदलता येत नाही, मग आमच्यातला कोणीतरी मधोमध कापून जोड देतो आणि वरून टेप. त्या टेपचं पावसात काय होतं ते मी बघितलंय.

वर कंपनीच्या रेकॉर्डला काम पेंडिंगच राहणार. पुढे तुम्ही गाडी विकाल तेव्हा घेणारा हाच प्रश्न इथे येऊन विचारेल.

पुणेरी_पेट्रोल

नाना बोलले ते पटलं पण अधिकृतवाल्यांचा अनुभव पण ऐकून घ्या. माझी गाडी दुसऱ्या कंपनीची, नाव लिहीत नाही, रिकॉल पण वेगळ्या पार्टचा. सर्व्हिस सेंटरला गेलो तर आधी म्हणाले असं काही आलेलंच नाही. मग चेसिस नंबर टाकून बघा म्हटलं तर हो हो दिसतंय, पण सर्व्हिस ड्यू आहे, ती केल्याशिवाय गाडी आत घेता येत नाही. मी म्हटलं लेखी द्या. लेखीचं नाव काढल्यावर साहेबांचा सूरच बदलला. शेवटी काम झालं पण बिलात लेबर आणि 'कन्झ्युमेबल' लावलेलं, ते काढायला लावलं. तर ताई, जॉबकार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना काय काम करायचं ते लिहितात त्या कागदावर, 'रिकॉल' हा शब्द लिहून घ्या, नुसतं 'जनरल चेकअप' लिहिलं तर सही करू नका. बिल शून्याचं असलं तरी प्रिंट मागा. सर्व्हिस करायची तर तुमच्या मर्जीने करा, ती अट नाही. जुना पार्ट मात्र बहुतेक देत नाहीत, कंपनीला परत पाठवायचा असतो, त्यावरून वाद घालू नका, समोर काढला की फोटो मारा.

कोणी उगाच फिरवायला लागलं तर १९१५ ला ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत पण बोलतात.

चेसिस_नंबर_बघा

बरोबर. आणि एक भर घालतो. आधी आपल्याकडे रिकॉल म्हणजे कंपनीच्या मनावर, २०१२ मध्ये सियामने, म्हणजे गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने, स्वेच्छेचा कोड आणला, त्यांच्या साईटवर कंपनीवार यादी पण असते. मग २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. आता ठराविक प्रमाणात तक्रारी आल्या तर सरकार रिकॉल करायला लावू शकतं, आणि तसं लावलेल्या रिकॉलला दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. ७ वर्षांपर्यंतच्या गाड्या यात येतात. पण तक्रारी आकड्यात दिसल्या तरच ना, म्हणून त्रास झाला तर परिवहनच्या पोर्टलवर वाहन रिकॉलचं पान आहे तिथे नोंदवा. इथे पानभर शिव्या घालून आकडा वाढत नाही, पुणेरीसाहेब हे तुम्हाला नाही हो, सगळ्यांनाच 😀

म्हापसेकर

कोल्हापूरला जायची गरज नाही. त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठलंही चालतं. माझ्या बहिणीची गाडी एमएच ०७ पासिंगची आहे, तिच्या रिकॉलचं काम इकडे म्हापशात झालं, कोणी विचारलं पण नाही गाडी महाराष्ट्राची का आणली. फक्त आधी फोन करून चेसिस नंबर देऊन ठेवा, पार्ट मागवावा लागतो. न सांगता गेलं की पार्ट नाही परत या, आणि आपली सुट्टी गेली.

कुडाळची_बाय

सगळ्यांना थँक्यू, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आज दुपारी कस्टमर केअरला फोन लावला. चेसिस नंबर सांगितल्यावर त्या मॅडम म्हणाल्या गाडी यादीत आहे आणि काम पेंडिंग आहे. माझा मोबाईल नंबर पण अपडेट करून घेतला, नाहीतर पुढचे मेसेज पण काकांच्या बंद नंबरवरच गेले असते. सर्व्हिस सेंटरला पण फोन केला, पार्ट मागवतो म्हणाले, आला की कळवतील, आरसीची कॉपी आणि आयडी घेऊन यायला सांगितलंय. नाव ट्रान्सफर झालेलं नाही म्हटलं तर म्हणाले चालेल.

नाना, दोन शंका. तोपर्यंत गाडी चालवू ना? आणि ते सेन्सर पण तेव्हाच तपासायला सांगू का?

नाना_गॅरेजवाले

चालव, पण धुताना सीटखाली प्रेशरचा पाईप मारायला देऊ नकोस, आणि रस्त्यात पाणी भरलं असेल तर गाडी घालू नकोस. मिसिंग मारायला लागली की लगेच कडेला घे, तशीच रेटत हायवेला न्यायची नाही. आणि थांबली तर सारखी सेल्फ मारत बसू नकोस, सुकू दे.

सेन्सरचं हो, सांग. मीटरवर स्पीड नीट दिसतो ना आणि इंजिनचा पिवळा दिवा गाडी चालू झाल्यावर विझतो ना, हे तू पण रोज बघत जा. त्यांच्याकडे स्कॅनर असतो, जुना एरर कोड साठलेला असेल तर लगेच कळतो. वायरीमुळेच सेन्सर गेलेला निघाला तर ते जॉबकार्डवर लिहून घे आणि तो पण रिकॉलमध्येच धरायला सांग. कव्हर उघडलेलंच असेल तर एअर फिल्टर पण बघून घे म्हणावं, सेकंडहँड गाडीला तो कधी बदललाय देव जाणे. त्याचे मात्र पैसे लागतील.