वर्धा रोडवर गाडी अचानक बंद पडते

बुटीबोरी शिफ्टवाला:
भाऊ, कार्ब्युरेटरवाली १५० सीसी बाईक आहे. नागपूरच्या बर्डीवरून निघालो की अर्धा तास मस्त, मग खापरीच्या पुढे बंद. दहा मिनिटं सावलीत उभी केली की पहिल्या किकमध्ये चालू! प्लग नवा टाकला, ३०० रुपये गेले. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उघडा. उघडू का?

जुना गॅरेजवाला:
इंजिनला हात नको लावू बे. आधी सांग, आचके देत मरते की चावी काढल्यासारखी? आचके असतील तर पेट्रोल अडतंय. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघड. चावी काढल्यासारखी मरत असेल, तर गरम असतानाच प्लग काढून स्पार्क बघ. नसेल तर पिकअप कॉइल (ठिणगीची वेळ सांगणारी) किंवा सीडीआय (प्लगला ठिणगीची वीज पाठवणारा डबा) गेलाय. थंड झाल्यावर बघशील तर सगळं ठीकच दिसेल. (टाकी उघडी असताना स्पार्क नको, मायबाप.)

धंतोलीकर:
साइड स्टँडचा स्विच (स्टँड खाली असला की इंजिन बंद करणारा) असेल तर तोही बघा. माझा खड्ड्यात दगा द्यायचा.

बुटीबोरी शिफ्टवाला:
आचकेच होते. आज झाकण उघडलं तर 'फुस्स'! हवेचं भोक मातीनं बुजलेलं, टाकीत हवा शिरतच नव्हती. बायकोच्या साडीपिनेनं साफ केलं. बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो, एक आचका नाही. पीन मात्र वाकडी झाली, घरी अजून सांगितलं नाही.